भाजल्याने बुरशी मरते, विष मरत नाही

"धन्यांना जराशी बुरशी आलीय, पण आपण भाजूनच घेणार ना!" वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत हे वाक्य हमखास कानावर येतं. काटकसरीमागची माया कळते, पण समज साफ चुकीचा आहे.

तव्यावर बुरशी मरते, हे खरं. पण धने, जिरे, बडीशेप यांवर वाढणारी अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी मरण्याआधीच दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडून ठेवू शकते. त्याच्या प्रकारांतलं सर्वांत जहाल बी-1 मोडायला सुमारे 268 अंश सेल्सिअस तापमान लागतं. तेवढ्यात धन्यांचा कोळसा होईल! खमंग वास सुटेपर्यंत भाजल्याने विष थोडंफार कमी होईलही, उरलेलं बरणीत जातं. ऊन दाण्यातला ओलावा काढतं, नवी वाढ थांबवतं; त्याच्या भरवशावर आधीचं विष गेलं असं धरता येत नाही. पाखडून, पुसून वरची पूड जाते; आत शिरलेले धागे तिथेच राहतात.

"आजवर कुणाला काही झालं नाही," हे पुढचं उत्तर. चिमूटभर मसाल्याने त्याच दिवशी कुणी आजारी पडत नाही, म्हणूनच हा समज टिकतो. इजा यकृताला होते, वर्षानुवर्षं खाऊन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे. मात्रा मोठी झाली की काय होतं, ते 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात दिसलं: बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. युरोपीय संघ किलोभर मिरचीत किंवा हळदीत 5 मायक्रोग्रॅमहून जास्त बी-1 चालवून घेत नाही, ते उगाच नाही.

मसाले औषधी, त्यांना बुरशी कशी लागेल? ओव्यातलं थायमॉल प्रयोगशाळेत बुरशी रोखतं. अख्ख्या दाण्यात मात्र ते तेल आतल्या नळ्यांत कोंडलेलं असतं, आणि ओल राहिली की साल बुरशीला मोकळं.

दिसत नाही, म्हणजे नाही? मायक्रोग्रॅमच्या मात्रेतलं विष ना डोळ्यांना दिसतं, ना नाकाला कळतं. दिसणाऱ्या प्रत्येक बुरशीत ते असतंच असंही नाही, पण घरी तपासायची सोय नाही. कुबट वासाचे, जाळी धरलेले धने टाकूनच द्या.

सगळीच बुरशी घातक? गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. ते निर्धास्त घाला.

आणि भाजलेला मसाला गरम असतानाच झाकण लावलं की तो टिकतो, हेही खोटं. वाफ झाकणाला धरते, थेंब मसाल्यात पडतात, आणि बुरशीला हवी ती ओल तिथेच मिळते.