मरुभूमीतील सूर्ययंत्रे आणि त्यांचा रचनाकार

सूर्यनारायणास अर्घ्य देऊन दिवसाचा आरंभ करणाऱ्या आपल्या समाजासही कुवेतचा सूर्य प्रखरच वाटेल. २१ जुलै २०१६ रोजी तेथील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. खनिज तेलावर संपन्न झालेल्या या देशाने तोच ताप कामी लावण्याचे मनावर घेतले आणि राजधानीच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, शगाया येथे, अक्षय ऊर्जेचे केंद्र उभारले. त्याच्या पहिल्या टप्प्याची क्षमता ७० मेगावॅट आहे. पैकी ५० सूर्याच्या उष्णतेपासून, १० सौरपट्टांपासून व १० पवनचक्क्यांपासून.

उष्णतेवर चालणारे यंत्र मोठे मनोवेधक आहे. पन्हळीसारख्या वक्र आरशांच्या रांगा सूर्यामागे वळत राहतात व त्याचे किरण एका नळीवर एकवटतात. नळीतील द्रव तापतो, त्या तापाने पाण्याची वाफ होते आणि वाफेने जनित्र फिरते. काही ताप वितळलेल्या क्षारांत साठवून सूर्यास्तानंतरही वीज काढता येते.

मग यंत्ररचनाकाराचे कार्य कोणते? पोलाद तापले की वाढते. शंभर मीटर लांबीची पोलादी नळी ३५० अंशांनी तापली, तर सुमारे ४० सेंटिमीटर लांबते. ती दोन्ही टोकांस जखडली, तर वाकेल अथवा फुटेल. म्हणून रचनाकार तिला मध्ये वळणे देतो, तिचे आधार सरकते ठेवतो. आरशाचा सांगाडा वाऱ्यात डळमळू नये, वाळू दंतचक्रांत शिरू नये, हेही त्यानेच पाहावयाचे.

परंतु खरा शत्रू आहे धूळ. धुळीने विखुरलेला किरण नळीपर्यंत पोचत नाही. आरसे वारंवार धुवावे लागतात, आणि गोडे पाणी तर तेथे मुख्यतः समुद्रजलातील क्षार काढून मिळवावे लागते. हे धुणे-पुसणे, दुरुस्ती अखेर माणसांच्याच हाती असते. जून ते ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. मात्र उरलेल्या तासांचे कष्ट आराखडाच ठरवितो. दोन रांगांमधून धुण्याची गाडी जाईल काय? खिळा उभ्याने हाती लागेल, की तापल्या वाळूवर निजून काढावा लागेल? सुटा भाग दोघांस उचलेल काय?

हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत, हे आपणांस कोणी सांगावयास नको. मुदतबंदीच्या करारावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांनी उसाच्या मळ्यांत जी अवजारे वापरली, जे तास भरले, ते त्या उन्हात कधी न राबलेल्यांनी ठरविले होते. आज त्याच बेटावर उसाच्या चिपाडांपासून वीज निघते आणि त्या मजुरांच्या नातवंडांस यंत्रशास्त्राची दारे खुली आहेत. आपल्यातील जो तरुण या विद्येकडे वळेल, त्याने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी एक दुपार उन्हात उभे राहावे. आजोबांच्या पाठीने सोसलेले त्याच्या लेखणीने विसरू नये, एवढीच अपेक्षा.