चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की हमखास प्रश्न येतो, "तुम्ही प्रोफेसर, म्हणजे ग्रँट वगैरे भरपूर मिळत असेल?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठ्या विद्यापीठांचे लाखो डॉलर असतात. मी एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्याकडे ग्रँट म्हणजे डीनच्या ऑफिसातून वर्षातून एकदा मिळणारे दोन ते पाच हजार डॉलर. प्राध्यापकांना संशोधनासाठी आणि वर्गात शिकवण्यासाठी कॉम्प्युटरची साधने मिळावीत, हा हेतू. दोन पानी अर्ज, खर्चाचा तक्ता, विभागप्रमुखांची सही, आणि मग समितीचा निकाल. आधी मी अर्जदार होतो, आता समितीवर आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट पटली आहे. एवढ्या लहान रकमेतून नुसते यंत्र घेणे म्हणजे बहुतेक वेळा पैसे पाण्यात घालणे.

हे शहाणपण मला ठेच लागूनच आले. पहिल्या अर्जात मी 4,000 डॉलर मागितले होते. त्यातले 3,400 एका दणकट वर्कस्टेशनसाठी आणि 600 सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी. अर्ज मंजूर झाला. एका हुशार विद्यार्थिनीने उन्हाळ्यात सगळे बसवून दिले आणि वर्षभर काम झकास चालले. पुढच्या मे महिन्यात ती पदवी घेऊन गेली. लायसन्स वर्षाचेच होते, तेही संपले. यंत्राची देखभाल कोणी करायची हे कधी ठरलेच नव्हते. कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात माणसे मोजकी, त्यांना न विचारता घेतलेले यंत्र त्यांनी का सांभाळावे? दोन वर्षांनी त्या वर्कस्टेशनवर मनी प्लँटची कुंडी विराजमान झाली होती. दोष सर्वस्वी माझा. कोंबडीचे चार आणे मी मोजले, मसाल्याचे बारा आणे हिशेबातच धरले नाहीत.

हा मसाला म्हणजे नेमके काय, ते डार्टमथ कॉलेजच्या गोष्टीवरून चांगले कळते. न्यू हॅम्पशायरमधल्या या कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. केमेनी मूळचे बुडापेस्टचे, 1940 साली लहान वयात अमेरिकेत आलेले. सुरुवातीला कॉलेजात कॉम्प्युटरच नव्हता. कर्ट्झ पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आगगाडीने बॉस्टनला जात आणि एमआयटीच्या यंत्रावर काम करून परत येत. 1959 साली कॉलेजात एक छोटेसे यंत्र आले. त्यावर पदवीपूर्व वर्गातली मुलेच उत्तम प्रोग्रॅम लिहितात, असे या दोघांच्या लक्षात आले. नॅशनल सायन्स फाउंडेशनचे मोठे अनुदान त्यानंतरचे. 1 मे 1964 रोजी पहाटे 'बेसिक' या भाषेतला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला. एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायची ती व्यवस्था बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांनी लिहिली होती. ग्रंथालयात कोणीही जाऊन पुस्तक काढावे तसा कॉम्प्युटर सर्वांना खुला असावा, ही त्यामागची दृष्टी. थोडक्यात, यंत्राच्या आधी तिथे माणसे तयार होती. म्हणून पैसा आला तेव्हा तो जिरला नाही, रुजला.

दुसऱ्या अर्जात मी 2,500 डॉलरच मागितले. विद्यार्थी मदतनिसाचे 100 तासांचे मानधन 1,500, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा प्रवास 600 आणि माहिती साठवण्यासाठी व तिच्या प्रतीसाठी 400. सॉफ्टवेअर म्हणून 'आर' घेतले, ते फुकट असते. अमेरिकन जनगणना खात्याची नमुना माहितीही फुकट मिळते. मदतनिसाने आमच्या परगण्यातल्या घरभाड्यांवर प्रात्यक्षिके तयार केली आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवली. तो गेला, पण वही राहिली. पुढच्या मदतनिसाने तिथूनच सुरुवात केली. तेच विश्लेषण नंतर माझ्या संशोधनातही उपयोगी पडले.

मोठी गणिते करायची असली तर काय, असे कोणी विचारील. त्यासाठीही प्रत्येकाने स्वतःचे यंत्र घ्यायची गरज नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या खर्चाने देशातले मोठे कॉम्प्युटर प्राध्यापकांना विनामूल्य वापरता यावेत, यासाठी 2011 साली 'एक्सीड' ही योजना सुरू झाली. 2022 मध्ये तिची जागा 'ॲक्सेस'ने घेतली. तिची सर्वांत खालची पायरी मुद्दाम सोपी ठेवली गेली. कामाचे थोडक्यात वर्णन पुरेसे, आणि छोट्या कॉलेजातला प्राध्यापकही पात्र. तिथे यंत्र फुकट आहे, पण ते वापरायला शिकण्याचा वेळ फुकट नाही. कॉलेजची छोटी ग्रँट नेमकी त्या वेळेसाठी वापरावी.

आता समितीत मी प्रत्येक अर्जाला तीन प्रश्न विचारतो. दुसऱ्या वर्षी हे कोण सांभाळणार? वर्गातल्या किती मुलांचा हात याला लागणार? आणि शिकलेले कुठे लिहून ठेवणार? उत्तरे नसतील तर अर्ज परत जातो. लोक कुरकुरतात, पण दुसऱ्यांदा आलेला अर्ज बहुधा चांगला असतो.

हे सारे तुम्हाला सांगायचे कारण आहे. आपल्यापैकी अनेकजण मुलांना घेऊन कॉलेजे पाहत हिंडतात. चकचकीत लॅब दाखवली की आपण भारावतो. त्या वेळी एवढे जरूर विचारा, की इथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापकांबरोबर पगारी काम मिळते का? आणि आपल्या जुन्या कॉलेजला देणगी पाठवाल, तेव्हा चेकबरोबर एक ओळ लिहा: "विद्यार्थी मदतनिसांच्या मानधनासाठी." अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या अशा देणगीत आपली भर घालतात, तीही मागून घ्या. हजार डॉलरमध्ये यंत्र धड येत नाही, पण एक मूल कामाला लागते. माझ्या ऑफिसातली कुंडी आता खिडकीत आहे. वर्कस्टेशन मोडीत गेले, मनी प्लँट मात्र मजेत आहे.