गिलाव्याला वाळू द्या

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या देखरेखीखाली, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी जे शहर वसले, त्या नवी मुंबईत घणसोलीपासून उलव्यापर्यंत आजही नव्या इमारतींचे काम अखंड चालू आहे. आणि दसऱ्या-दिवाळीचा मुहूर्त साधण्यासाठी ओल्या गिलाव्यावर रंग चढविण्याची जी त्वरा घरमालक व मक्तेदार दोघेही करतात, तीच पुढे त्या रंगाच्या नाशास कारणीभूत होते.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होत असताना त्यातून चुना मुक्त होतो आणि कोरा गिलावा इतका तीव्र अल्कधर्मी बनतो की, सामू मोजण्याच्या चौदापर्यंतच्या मोजपट्टीवर तो बाराच्याही वर जातो. अशा भिंतीवर, तिच्यात ओल शिल्लक असताना, तेलरंग दिला तर त्यातील तेलाचा या अल्काशी संयोग होऊन अक्षरशः साबण तयार होतो, रंग चिकट व डागाळलेला दिसू लागतो आणि अखेर त्याचे पोपडे सुटतात. म्हणून गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारून झाल्यावर, किमान अठ्ठावीस दिवस तरी तो उघडा ठेवावा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत ही मुदत पुष्कळ वाढवावी लागते. भाद्रपदात केलेला गिलावा दिवाळीपर्यंत पुरता वाळेलच, असा भरवसा धरू नये. शंका असल्यास प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब आढळले, तर रंगाऱ्याला परत पाठवावे.

रेती खाडीची असेल, किंवा पाणी खारट बोअरचे असेल, तर भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. तो धुऊन काढण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत शिरत असल्याने, तो कोरड्या ब्रशानेच झाडावा आणि नवा फुटणे थांबेपर्यंत वाट पाहावी. जिप्समच्या गिलाव्याला पाणी मारावे लागत नाही व तो लवकर वाळतो, मात्र त्यावरची भुकटी पुसल्यावाचून प्रायमर धरत नाही.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी भरावयाची असल्यास भिंत किंचित ओलावून पातळ असे दोन हात द्यावेत आणि ते वाळून घासल्यानंतर प्रायमर मारावा. अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल तर प्रायमर आधी हवा. पॉलिश पेपरने घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, तेव्हा कारागिराला मुखपट्टी देण्यात हयगय होता कामा नये.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते कोपऱ्याची धार सरळ राहावी म्हणून गिलाव्यात बसविलेल्या धातूच्या पट्टीकडे. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि तेलरंगाचे जस्ताशीही तेच वैर आहे जे ओल्या गिलाव्याशी: येथेही साबण बनतो, फक्त तो जस्ताचा. यास्तव पट्टीवरील सिमेंटचे शिंतोडे व तेलकटपणा काढून, मुलामा न खरवडता ती बारीक पेपरने हलकेच घासावी आणि जस्तासाठी खास बनविलेला प्रायमर लावावा. थापीच्या घावाने मुलामा उडून जेथे लोखंड उघडे पडले असेल, तेथे खाऱ्या हवेत गंज सत्वर चढतो. त्यावर पाण्याचा प्रायमर थेट लावल्यास तांबूस डाग वर उमटतात. ती जागा गंज पुरता जाईपर्यंत घासून, गंजरोधक धातु-प्रायमर लावून वाळू द्यावी आणि मगच पुट्टीने पट्टीची कड भिंतीत मिळवून घ्यावी. पट्टी उघडी ठेवून नुसता रंग फासणारा कारागीर स्वस्त पडत असला, तरी ते काम मान्य करू नये.

बहुतेक करारनाम्यांत रंगाचा दर आणि हातांची संख्या यांचा तपशील असतो, वाळवणाच्या मुदतीचा उल्लेख मात्र नसतो. घरमालकांनी ती मुदत आणि कोनपट्टीच्या प्रायमरचे कलम, ही दोन्ही काम सुरू होण्यापूर्वीच लेखी नोंदवून घ्यावीत.