यमदूत चुकीच्या माणसाला घेऊन गेले? मरणाच्या दारातून परत आलेली माणसं काय सांगतात, विज्ञान काय म्हणतं?

२०२५ च्या सुरुवातीला कोल्हापूरची एक बातमी प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. हार्ट अटॅक आलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाला डॉक्टरांनी मृत घोषित केल्याचं कुटुंबाचं म्हणणं होतं. ॲम्ब्युलन्स घराकडे निघाली, घरी अंत्यसंस्काराची तयारी सुरू झाली. वाटेत गाडी स्पीडब्रेकरवरून आदळली आणि नातेवाईकांना त्यांची बोटं हलताना दिसली. गाडी दुसऱ्या हॉस्पिटलकडे वळवली. उपचार झाले आणि काही दिवसांनी आजोबा स्वतःच्या पायांनी चालत घरी आले.

कमेंट्समध्ये सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "त्यांना वर काय दिसलं?"

आजोबांनी पत्रकारांना जे सांगितलं, त्याने अनेकांची निराशा झाली असेल. चहा घेतला, चक्कर आली, उलटी झाली, त्यानंतरचं काहीच आठवत नाही, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

पण सगळ्यांचं असं होत नाही. मरणाच्या दारातून परत आलेली काही माणसं बोगदा पाहिल्याचं सांगतात, कुणी लख्ख प्रकाश पाहतं, कुणाला आधी गेलेले नातेवाईक भेटतात. आणि आपल्याकडे काही जण थेट यमदूतांचं नाव घेतात. या अनुभवांना 'निअर डेथ एक्सपिरियन्स' म्हणजेच मृत्यूसमीप अनुभव म्हणतात.

हा शब्द आला कुठून?

१९७५ साली अमेरिकेत रेमंड मूडी यांचं 'लाइफ आफ्टर लाइफ' हे पुस्तक आलं. मरता मरता वाचलेल्या माणसांशी बोलून मूडींनी त्यांचे अनुभव एकत्र मांडले होते. पुस्तक प्रचंड खपलं आणि 'निअर डेथ एक्सपिरियन्स' हा शब्द घराघरात पोचला.

अनुभव मात्र त्याआधीचे आहेत. अल्बर्ट हाइम नावाचे स्विस भूगर्भशास्त्रज्ञ गिर्यारोहण करताना आल्प्समध्ये कड्यावरून पडले होते. त्यातून वाचल्यावर त्यांनी अशाच पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा केले आणि १८९२ मध्ये छापले. पडताना भीती वाटली नाही, वेळ संथ झाला, सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं, असं बरेच जण सांगत होते.

पुढे १९८३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी १६ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. शरीरातून बाहेर पडल्यासारखं वाटलं का, प्रकाश दिसला का, मृत व्यक्ती भेटल्या का, असे प्रश्न त्यात आहेत. ३२ पैकी ७ किंवा जास्त गुण मिळाले तरच तो अनुभव मृत्यूसमीप अनुभव धरला जातो. संशोधक आजही ही पट्टी वापरतात.

किती जणांना असा अनुभव येतो?

नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांचा अभ्यास २००१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १० हॉस्पिटलांमध्ये हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांशी त्यांच्या टीमने बोलणं केलं. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी असा काहीतरी अनुभव सांगितला. उरलेल्या ८२ टक्के लोकांना काहीच आठवत नव्हतं, अगदी कोल्हापूरच्या आजोबांसारखं.

हृदय किती वेळ बंद होतं किंवा आधी मरणाची किती भीती वाटत होती, यावरून कुणाला अनुभव येईल हे सांगता येत नव्हतं. पण दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा भेटल्यावर एक फरक दिसला. ज्यांना अनुभव आला होता, त्यांची मरणाची भीती इतरांपेक्षा कमी झाली होती.

सगळे अनुभव सुखाचे असतात असंही नाही. काही जण भयाण पोकळी किंवा घाबरवणाऱ्या आकृती दिसल्याचं सांगतात. लोक अशा गोष्टी सहसा बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे आपल्या कानावर गोड गोष्टीच जास्त येतात.

यमदूत, चित्रगुप्त आणि नावाचा घोळ

मरणानंतर काय, याची उत्तरं आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतात. वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळला जातो, ती गोष्टच मुळात यमाकडून परत आलेल्या सत्यवानाची. कठोपनिषदातला नचिकेत थेट यमाच्या दारात जाऊन बसतो आणि मरणानंतर काय उरतं, हे विचारतो. घरात कुणी गेलं की अनेक ठिकाणी गरुडपुराण वाचलं जातं, त्यात वैतरणी नदी आणि यमलोकापर्यंतचा प्रवास येतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

मग भारतातल्या माणसाला मृत्यूसमीप अनुभवात काय दिसतं?

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये भारतातली १६ प्रकरणं प्रसिद्ध केली. त्यातली बरीचशी गोष्ट एकसारखी होती. दूत येतात, माणसाला घेऊन जातात. तिथे वही किंवा कागद घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. नाव तपासलं जातं आणि लक्षात येतं की चुकीचा माणूस आणलाय. मग दूतांना ओरडा बसतो आणि माणसाला परत पाठवलं जातं. त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच सुमारास वारला, असंही काही प्रकरणांत सांगितलं गेलं.

थोडक्यात, सरकारी ऑफिसात नावाच्या सारखेपणामुळे जो घोळ होतो, तोच वर! अमेरिकेतल्या लोकांना मात्र 'तुझी वेळ अजून आलेली नाही' किंवा 'तुझं काम बाकी आहे' असं काहीतरी सांगून परत पाठवलं जातं. तिथे वही नाही, दूतही नाहीत.

म्हणजे भारतीयांना बोगदा दिसतच नाही? तसंही नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सुझन ब्लॅकमोर यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त जाहिरात देऊन भारतीयांचे अनुभव मागवले. १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात काही भारतीयांनीही अंधार, बोगदा आणि प्रकाश सांगितल्याचं दिसतं.

त्यामुळे अनेक अभ्यासकांना असं वाटतं की अनुभवाचा गाभा माणसाच्या शरीरातून येतो आणि त्याला चेहरे मात्र आपापली संस्कृती देते. प्रकाशातली आकृती ख्रिश्चन माणसाला येशू वाटते, आपल्याकडे तिचा यम होतो.

मेंदूत नेमकं काय होतं?

हृदय बंद पडलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि १० ते २० सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. पण मेंदू दिवा विझल्यासारखा एका क्षणात बंद होत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या जिमो बोर्जिगिन यांच्या टीमने २०१३ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत उंदरांच्या मेंदूत गॅमा लहरी उसळल्या होत्या. जागेपणी लक्ष देताना, आठवताना या लहरी दिसतात. २०२३ मध्ये याच टीमने व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोघांच्या मेंदूत तशीच उसळी दिसली. पण ते दोघेही वारले, त्यामुळे त्यांना तेव्हा काही दिसत होतं का, हे कुणालाच विचारता आलं नाही.

बाकीच्या तुकड्यांचीही काही स्पष्टीकरणं आहेत.

बोगदा: डोळ्यांना आणि मेंदूला रक्त कमी पडलं की आधी कडेचं दिसणं बंद होतं, मधलं राहतं. वेगाने गिरक्या देणाऱ्या यंत्रात बसवलेल्या लढाऊ वैमानिकांनाही शुद्ध हरपण्याआधी असंच दिसतं.

शरीराबाहेर जाणं: २००२ मध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी फिट्सचा आजार असलेल्या एका महिलेच्या मेंदूच्या उजव्या भागातल्या एका ठिकाणी सौम्य वीजप्रवाह दिला. तिला आपण वरून स्वतःकडे बघतोय असं वाटलं. म्हणजे 'मी माझ्या शरीरात आहे' ही जाणीवही मेंदूच तयार करतो आणि ती बिघडूही शकते.

शांत वाटणं: केटामाइन आणि डीएमटी या द्रव्यांच्या अमलाखालचे अनुभव मृत्यूसमीप अनुभवांशी बरेच जुळतात, असं अभ्यासांत दिसलंय.

छताजवळच्या फळ्यांचा प्रयोग

"मी वर तरंगत होतो, खाली डॉक्टर माझ्या छातीवर दाब देत होते," असं काही रुग्ण सांगतात. हे खरं की भास, हे तपासायची एक साधी युक्ती डॉ. सॅम पर्निया यांच्या टीमने केली. हॉस्पिटलांमध्ये छताजवळ फळ्या लावल्या आणि त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कुणी खरंच वर गेलं, तर त्याने चित्र काय होतं ते सांगावं.

'अवेअर' नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना नोंदवल्या गेल्या, ३३० जण वाचले, १४० जणांशी बोलणं होऊ शकलं. चित्र एकालाही सांगता आलं नाही. पण बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांमध्येच घडल्या होत्या. एका रुग्णाने मात्र आपल्यावर झालेल्या उपचारांचं बऱ्यापैकी अचूक वर्णन केलं.

२०२३ मध्ये या अभ्यासाचा पुढचा टप्पा आला. ५६७ रुग्णांपैकी फक्त ५३ वाचले, २८ जणांशी बोलता आलं आणि त्यातल्या ११ जणांना काहीतरी आठवत होतं. काही रुग्णांच्या मेंदूत तर छाती दाबणं सुरू होऊन तासाभरापर्यंत सामान्य जाणिवेसारख्या लहरी मधूनमधून दिसल्या.

म्हणजे आत्मा सिद्ध झाला का? नाही. खोटा ठरला का? तेही नाही. मरणारा मेंदू आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा जास्त वेळ काम करत असतो, एवढंच यातून दिसतं. अनुभव नेमका कोणत्या मिनिटाला आला, हृदय बंद असताना की शुद्धीवर येताना, हे ठरवणं अजूनही अवघड आहे.

'ब्रेन डेड' माणूस परत येतो का?

इथे गल्लत झाली तर ती महागात पडते. 'मेलेला माणूस जिवंत झाला' अशा बातम्या वाचून लोकांच्या डोक्यात एक शंका घर करते. आयसीयूबाहेर बसलेल्या कुटुंबाला डॉक्टर 'पेशंट ब्रेन डेड आहे' असं सांगतात आणि अवयवदानाचा विषय निघतो, तेव्हा हीच शंका वर येते. "उद्या उठून बसला तर?"

हृदय बंद पडणं आणि ब्रेन डेड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडलेलं हृदय वेळेत उपचार मिळाले तर पुन्हा सुरू होऊ शकतं. मृत्यूसमीप अनुभव सांगणारे हृदयरुग्ण याच गटातले, म्हणजे त्यांचा मेंदू मेलेला नव्हता. ब्रेन डेड माणसाचा मेंदूचा देठ कायमचा निकामी झालेला असतो. श्वास यंत्रावर चालतो, म्हणून छाती हलते आणि अंग गरम लागतं.

भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं. यंत्र बाजूला करून माणूस स्वतः श्वास घेतो का, हेही पाहिलं जातं. त्यानंतरच ब्रेन डेथ जाहीर होते. या तपासण्या नीट झाल्यावर कुणी परत येत नाही. कुटुंबाला काही शंका असेल तर डॉक्टरांना तपासण्यांबद्दल विचारायचा पूर्ण हक्क आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडूनही माहिती मिळते.

भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचं प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. त्यामागे बरीच कारणं आहेत, आणि 'परत येईल' ही आशा हे त्यातलं एक.

घरातल्या कुणी असं काही सांगितलं तर?

आयसीयूतून घरी आलेली आजी म्हणाली, "मला तुझे आजोबा भेटले," तर बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर 'औषधांचा परिणाम आहे' म्हणून विषय बंद केला जातो, नाहीतर कुणीतरी लगेच एखाद्या बाबाचा नंबर काढतं.

दोन्हीची गरज नसते. आजी खोटं बोलत नाहीये, तिला ते दिसलंय. ते कुठून आलं यावर शास्त्रज्ञ भांडत राहतील, पण शांतपणे ऐकून घेण्यासाठी त्या भांडणाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही. तिला भीती वाटत असेल, झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगावं. आणि 'तिकडचा' निरोप आणून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर दार लावून घ्यावं.

राहिला प्रश्न माणसाला परत आणण्याचा. मृत्यूसमीप अनुभव सांगायला जी माणसं उरतात, त्यातल्या अनेकांच्या बाबतीत कुणीतरी वेळेत छातीवर दाब दिलेला असतो. समोरचा माणूस कोसळला, हाक मारून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

सावित्रीला यमाशी वाद घालावा लागला होता. आपल्याला निदान एवढं तरी शिकून ठेवता येईल.