वेगाला लगाम कोणी घालायचा?

"अति घाई, संकटात नेई" ही पाटी महाराष्ट्रात जाता-येता घाटरस्त्यांवर आपण सर्वांनी वाचली आहे. ती वाचून वेग कमी करणारे चालक किती, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आज जगभर एक प्रश्न विचारला जातो. वेग आवरण्याचे काम केवळ चालकाच्या समजुतीवर सोडावे, की गाडीतच तसे यंत्र बसवण्याची कायद्याने सक्ती करावी?

हा प्रश्न दूरचा नाही. १३ मार्च २०२५ रोजी, होळीच्या रात्री, आपल्या कारेलीबागेत एका भरधाव मोटारीने दुचाकीस्वारांना धडक दिली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. त्याआधी २० जुलै २०२३ रोजी अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एक अपघात पाहायला जमलेल्या लोकांत दुसरी मोटार घुसली आणि नऊ जण प्राणास मुकले. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे.

वेगाचे गणित

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. समोर मूल आलेले दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर, कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक धरले, तर गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद इतका घटतो. या हिशेबाने ताशी ४० कि.मी. वेगाची गाडी २० मीटरमध्ये थांबते. ६० च्या वेगाला ३७ मीटर लागतात आणि ८० च्या वेगाला ५७ मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते.

आता हेच दुसऱ्या बाजूने पाहा. ४० ची गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असते, त्या ठिकाणी ६० ची गाडी अजून ताशी सुमारे ५५ कि.मी. वेगाने पुढे जात असते. चालकाने नुकताच कुठे ब्रेक दाबलेला असतो. घड्याळात वाचलेल्या एक-दोन मिनिटांची ही किंमत आहे.

यंत्र कसे काम करते?

वेग आवरणाऱ्या यंत्राला 'स्पीड गव्हर्नर' म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटत जाई. आजच्या गाडीत हेच काम सेन्सर करतो. ठरवलेला वेग गाठला की इंजिनाला इंधन कमी मिळते. मग ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी पुढे जोर करत नाही.

दुसरा प्रकार अधिक हुशार आहे. त्यात कॅमेरा रस्त्यावरची वेगमर्यादेची पाटी वाचतो आणि उपग्रहाच्या मदतीने नकाशाही पाहतो. मग तो त्या त्या रस्त्याप्रमाणे चालकाला सावध करतो किंवा वेग कमी करतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत अशी व्यवस्था असणे बंधनकारक आहे. मात्र गरज पडल्यास चालक तिला बाजूला सारू शकतो. त्यामुळे "ओव्हरटेक करताना अडकलो तर?" या नेहमीच्या शंकेचे उत्तर तिथे दिलेले आहे.

आपला कायदा

नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर दोनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील अवजड वाहनांना ताशी ४० कि.मी.ची मर्यादा पाळणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. पुढे २०१५ च्या केंद्रीय नियमाने देशभर बहुतेक व्यावसायिक वाहनांना ८० ची, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला ६० ची मर्यादा घातली. खासगी मोटारी, दुचाकी आणि रिक्षा यांना हा नियम लागू नाही. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे इशारा वाजतो आणि १२० च्या पुढे तो सतत वाजत राहतो. पण तो फक्त आवाज आहे. गाणी मोठ्याने लावली की तोही ऐकू येत नाही.

सक्ती असावी का?

"माझी गाडी, माझा पाय, सरकारला काय?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. १९२३ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मोटारींना ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० कि.मी.ची मर्यादा घालणारे यंत्र बसवावे, अशी मागणी ४२,००० नागरिकांनी सह्या करून केली होती. मोटार व्यवसायाने जोरदार विरोध केला आणि मतदानात ती मागणी पडली.

बडोदेकरांना सक्तीचे दुसरे उदाहरण ठाऊक आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. पण महाराजांनी नुसती सक्ती केली नाही, शिक्षण मोफत केले आणि गावोगाव शाळाही काढल्या. सक्तीबरोबर सोयही केली, म्हणून ती टिकली.

वेगाच्या बाबतीतही तेच लागू पडते. सर्व मोटारींना सरसकट ८० चा गव्हर्नर बसवला तर एक्सप्रेसवेवर फरक पडेल. पण मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार इथे ८० हाही जीवघेणाच वेग आहे. शहरात उपयोग आहे तो रस्ता ओळखणाऱ्या यंत्राचा. नव्या मोटारींत त्याची टप्प्याटप्प्याने सक्ती व्हावी, असे आम्हाला वाटते. मात्र पाटीच नसेल किंवा ती झाडाच्या फांदीआड दडली असेल, तर कॅमेरा वाचणार काय? म्हणून आधी प्रत्येक शाळेसमोर, प्रत्येक वळणावर स्वच्छ पाटी हवी. ते काम पालिकेचे आहे, आणि त्याची आठवण करून देणे आपले.

आपल्या हातातले

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत विश्वस्त मंडळाने शाळेसाठी येणाऱ्या प्रत्येक बसच्या गव्हर्नरचे प्रमाणपत्र आणि सील दर सत्राच्या आरंभी पाहावे, कारण वायर काढून टाकलेले यंत्र फक्त कागदावर चालते. वर्दीच्या रिक्षांना गव्हर्नरचे बंधन नाही. तिथे पालकांनीच रिक्षावाल्या काकांशी बोलावे आणि मुलांना दहा मिनिटे आधी तयार ठेवावे. उशीर घरातून सुरू होतो आणि तो भरून काढायची घाई रस्त्यावर होते. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देऊ नये. २०१९ पासून त्याबद्दल पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि मित्रांनो, तुम्ही मागच्या सीटवर बसता तेव्हा काटा किती दाखवतो ते पाहा. तो जास्त दिसला तर बाबांना, काकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा. घरातले मूल बोलले की इशाऱ्याच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणारा माणूसही पाय थोडा उचलतो.