पोस्टमॉर्टेम एका शॉकअपचं

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये पुढे शॉकअप असलेल्या सायकली कितीतरी दिसतील. पण तो शॉकअप उघडून आत काय असतं ते कुणी पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं. गेल्या सेमिस्टरला काकांची जुनी माउंटन बाइक हाती आली आणि तिने मला तीन आठवडे कामाला लावलं. (मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!)

आधी थोडा इतिहास. १९८०च्या दशकात माउंटन बाइकचा पुढचा फोर्क न दबणारा, ताठ असे. दगडावरून गेलात की धक्का थेट मनगटात! अमेरिकेत मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नरने १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी सुरू केली. तिच्या आरएस-१ या पहिल्या फोर्कमध्ये हवा आणि तेल होतं. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला जागतिक स्पर्धा झाली, तिथे ग्रेग हर्बोल्डने डाउनहिल जिंकली ती हाच फोर्क लावून. त्याच सुमारास डग ब्रॅडबरीने मॅनिटू फोर्कमध्ये इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारख्या युरेथेनचे ठोकळे वापरले. पुढे अनेक कंपन्यांनी तेच केलं.

हवेच्या फोर्कमध्ये हवा हीच स्प्रिंग. बॉइलचा नियम आठवा: जागा निम्मी झाली की दाब दुप्पट. म्हणून तेल थोडं जास्त भरलं तरी हवेला जागा कमी उरते आणि फोर्क शेवटी शेवटी फार कडक होतो. तेल किती मिली ओतलं यापेक्षा त्याची पातळी पट्टीने मोजणं महत्त्वाचं. आणि हो, असा फोर्क खोलण्याआधी हवा सोडायची. नाहीतर वरची कॅप गोळीसारखी उडेल!

काकांचा फोर्क इलॅस्टोमरवाला. त्यांनी १९९६ मध्ये कोलोरॅडोत शिकताना सेकंडहँड सायकल घेतली होती. म्हणजे फोर्क वयाने माझ्यापेक्षा मोठा. काकांची एकच इच्छा होती, या सायकलवरून एकदा माझ्याबरोबर सिंहगडाचा घाट उतरायचा.

वरच्या कॅप काढल्या तर आत इलॅस्टोमरचा चक्क चिकट चिखल झालेला. इतक्या वर्षांत हे व्हायचंच. खालून अ‍ॅलन कीने बोल्ट सोडवले, हलकेच ठोकून खालचे पाय बाहेर ओढले. आतल्या नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. ओ-रिंग कडक झाल्या होत्या. त्या व्हर्नियरने मोजून हायड्रॉलिक सीलच्या दुकानातून आणल्या. कंपनीचे सुटे भाग मिळत नसले तरी माप कळलं की अर्धं काम होतं.

इलॅस्टोमरच्या जागी स्टीलची स्प्रिंग बसवायचं ठरवलं. हिशोबाने ३ मिमी वायर हवी होती. ती मिळेना, म्हणून मी ३.५ची वळवून घेतली. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय? पण मशीन डिझाइनमध्ये आपण घोकतो तेच झालं. स्प्रिंगचा कडकपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तेवढ्याने स्प्रिंग सुमारे ८५ टक्के जास्त कडक! नळीला झिप टाय बांधून बसलो. फोर्क नुसत्या वजनाने १२ मिमी दबायला हवा होता, जेमतेम ६ दबला. पुन्हा ३ मिमीची वायर शोधली, तेव्हा कुठे जमलं.

सगळं जोडून झाल्यावर वर्कशॉपच्या मामांना मोठ्या ऐटीत दाखवलं. ते म्हणाले, "क्राउन तपासलास का?" क्राउन म्हणजे दोन्ही नळ्या वर जिथे एकत्र बसतात तो अ‍ॅल्युमिनियमचा भाग. मेटलर्जीच्या लॅबमध्ये डाय पेनेट्रंट टेस्ट केली. भाग स्वच्छ करायचा, लाल डाय लावून थांबायचं, मग पुसून वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर आत मुरलेला डाय वर येतो.

आला. नळीच्या कडेला, केसाएवढी लाल रेघ.

स्टीलला फटीगची एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली असेल तर स्टील बहुधा टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही, प्रत्येक धक्क्याची नोंद राहते. घाटात क्राउन तुटला तर तोंडावरच पडायचं. वेल्डिंग, पॉलिश, काही उपयोग नाही.

मामा एवढंच म्हणाले, "आधी भिंती बघाव्यात रे, मग रंगाचा डबा उघडावा." खरंच, मी तीन आठवडे जे बदलता येतं त्याच्यामागे धावलो आणि जे बदलता येत नाही ते शेवटी पाहिलं. पहिल्याच दिवशी हवी होती ती टेस्ट!

काकांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भिंतीवर लाव तो. पण सिंहगड रद्द नाही हं!" आता सायकलला तेवढ्याच उंचीचा स्टीलचा ताठ फोर्क आहे. गेल्या महिन्यात आम्ही घाट उतरलो. दोघांचीही मनगटं दोन दिवस दुखत होती.

तुमची सायकल जुनी असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन क्राउन एकदा बघाच. रेघ दिसली तर दुसऱ्या दिवशी चालत लेक्चरला या.