खुनी तर समोरच बसलेला असतो!

मित्रमैत्रिणींनो, डोळे मिटा बघू. रात्रीची वेळ. बाहेर धो धो पाऊस. मोठ्या घरात एक बाई एकटीच. अन् अशा वेळी घरात शिरतो कोण? तर मनोरुग्णालयातून पळालेला, स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप असलेला माणूस! घाबरलात ना?

यश चोप्रांना नेमकं हेच हवं होतं. त्यांचा ‘इत्तेफाक’ हा हिंदी चित्रपट १९६९ चा. मुळात ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला. गंमत म्हणजे यात एकही गाणं नाही! गाणं लागलं की आपण जरा सैलावून बसतो, कुणी पाणी प्यायला उठतं. इथे ती सोयच नाही. बरीचशी गोष्ट एका रात्रीत, एकाच घरात घडते.

पळालेला माणूस म्हणजे चित्रकार दिलीप (राजेश खन्ना). घरातली बाई म्हणजे रेखा (नंदा). मध्येच दिलीपला न्हाणीघरात एक प्रेत दिसतं. तो ओरडतो. रेखा जाऊन बघते, तर तिथे काहीच नाही! झालं, आपण लगेच म्हणतो, ‘वेडाच आहे बिचारा.’

(आता ज्यांना हा चित्रपट पाहायचाय, त्यांनी पुढचं नंतर वाचावं बरं का!)

प्रेत खरंच होतं. ते रेखाच्या नवऱ्याचं. रेखाचं प्रेम होतं दुसऱ्याच माणसावर आणि तो होता चक्क पोलीस अधिकारी! दोघांनी मिळून नवऱ्याचा काटा काढला होता. आणि दिलीप? त्यानंही खून केला नव्हता. त्याच्या बायकोला मारलं होतं त्याच्या मेहुणीनं.

मग आपण फसलो कसे? दिलीप सारखा आरडाओरडा करतो, म्हणून आपण त्याला आधीच शिक्षा देऊन मोकळे होतो. आणि नंदा! मास्टर विनायकांची ही मुलगी लहानपणापासून पडद्यावर होती. ‘छोटी बहन’ (१९५९) पासून तर ती प्रेक्षकांची लाडकी बहीणच झाली होती. आजीला विचारून पाहा. असा साधासुधा चेहरा खुनी असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

पण मला सगळ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. रेखा आपल्याला घाबरलेली दिसते ना, तेव्हा ती खरंच घाबरलेली असते! आपल्याला वाटतं, ती दिलीपला भ्यायली. तिला खरी भीती असते ती प्रेत सापडण्याची. भीती तीच, कारण दुसरं. म्हणून हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना जास्त मजा येते.

वर्गातसुद्धा असं होतं. मागे एकदा आमच्या चौथीत एक नवीकोरी कंपासपेटी हरवली. सगळ्यांनी सर्वांत दंगेखोर मुलाकडे बोट दाखवलं आणि मीही सर्वांदेखत त्याचं दप्तर उलटं केलं. काही निघालं नाही. तरी पोरं त्याला ‘चोर, चोर’ म्हणतच राहिली. आठवड्यानं पहिल्या बाकावरची, मोत्यासारखं अक्षर असलेली एक मुलगी रडत रडत पेटी घेऊन माझ्याकडे आली. तो अख्खा आठवडा ती भरलेला डबा तसाच घरी परत नेत होती. मी ते रोज पाहत होते! मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या बाई.” पण मान काही त्यानं वर केली नाही.

असो. २०१७ मध्ये याच नावाचा नवा चित्रपट आला. त्याचा शेवट बदललाय, म्हणजे वरचं सगळं वाचूनही तुम्हाला उत्तर माहीत नाही! जरा मोठ्या मुलांनी आईबाबांना विचारून, त्यांच्यासोबतच तो पाहावा. अर्धा झाला की थांबवा. प्रत्येकानं आपला संशय कुणावर आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, का ते एका ओळीत लिहायचं आणि चिठ्ठ्या घडी करून आजीकडे द्यायच्या. आजीनं मात्र मध्येच उघडून बघायचं नाही हं!